नाताळचा 'कॉपी' फॉरवर्ड आणि खरी उसनवारी

प्रश्न : नमस्कार ताई. डिसेंबर लागला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच फॉरवर्ड फिरतो. होरस, मिथ्रा, डायोनायसस, कृष्ण, सगळे 25 डिसेंबरला कुमारी मातेच्या पोटी जन्मले, सगळ्यांना 12 शिष्य, सगळे क्रुसावर मेले आणि तिसऱ्या दिवशी उठले, म्हणजे येशूची गोष्ट जुन्या दंतकथांवरून उचललेली. मी वसईची, माहेर-सासर दोन्ही ख्रिस्ती, शाळेत शिकवते. यंदा माझ्या भाच्याने, अकरावीला आहे तो, मोबाईल पुढे करून विचारलं की मावशी हे खरंय का, आणि मला उत्तर देता आलं नाही, "असं काही नसतं रे" म्हणून मी त्याला गप्प केलं. ते मला फार लागून राहिलंय. मला समजूत नकोय, खरं काय ते सांगा.
— एक शिक्षिका, वसई

उत्तर : तुम्ही "समजूत नको" असं लिहिलंत ते मनापासून आवडलं, म्हणून मी पण सरळच लिहिते. तो फॉरवर्ड जवळजवळ सगळा खोटा आहे. पण ख्रिस्ती धर्माने आजूबाजूच्या जुन्या धर्मांकडून काहीच घेतलं नाही, हेही खरं नाही. घेतलंय, आणि बरंच घेतलंय, फक्त जे घेतलंय ते त्या लिस्टमध्ये नाही आणि जे लिस्टमध्ये आहे ते घेतलेलं नाही.

सुरुवात कृष्णापासून करा, कारण ते तपासायला आपल्याला कुठल्या लायब्ररीत जावं लागत नाही. भाच्याला विचारा, कृष्ण देवकीचा कितवा? आठवा. मग कुमारी माता कुठून आली? जन्म श्रावण वद्य अष्टमीचा, आपल्याकडे त्याच्या दुसऱ्या दिवशी दहीहंडी फुटते, डिसेंबरचा संबंधच नाही. आणि शेवट प्रभास क्षेत्री, जरा नावाच्या व्याधाचा बाण पायाला लागून. क्रूस कुठेय यात? ही कृष्णाला क्रुसावर चढवण्याची गोष्ट 1875 मध्ये अमेरिकेत केर्सी ग्रेव्हज नावाच्या माणसाने 'क्रुसावर गेलेल्या सोळा तारणहारांची' यादी छापली तिथून पसरली, आणि आजचे फॉरवर्ड तिचीच नातवंडं-पतवंडं आहेत. जी यादी आपल्या घरच्या देवाबद्दल इतकं चुकीचं सांगते ती इजिप्तच्या देवाबद्दल बरोबर सांगत असेल असं का मानायचं?

आणि नाहीच सांगत. होरसची आई इसिस. तिचा नवरा ओसिरिस, त्याला त्याच्याच भावाने म्हणजे सेतने मारलं, ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की प्रेताचे 14 तुकडे करून विखुरले, इसिसने ते शोधून गोळा केले आणि त्या मेलेल्या नवऱ्यापासून तिला होरस झाला. विलक्षण गोष्ट आहे, पण कुमारीच्या पोटी जन्म नाही. ओसिरिस परत पृथ्वीवर येऊन कुणाला भेटत नाही, तो मेलेल्यांच्या लोकाचा राजा होतो आणि तिथेच राहतो. होरसला क्रुसावर खिळल्याचा उल्लेख इजिप्तच्या कुठल्या भिंतीवर, कुठल्या पपायरसवर नाही.

मिथ्राचं तर अजूनच वेगळं. हे नाव आपल्या वेदातल्या 'मित्र'चं सख्खं भावंड, इराणमार्गे रोमपर्यंत गेलेलं, पण रोमन सैनिकांचा मिथ्रा हा बराचसा रोममध्येच घडलेला देव आहे. तो जन्मतो खडकातून, थेट तरणाताठा, हातात सुरी आणि मशाल घेऊन. त्याच्या पंथाचा कुठलाही धर्मग्रंथ शिल्लक नाही, आहेत ती शिल्पं, चित्रं आणि काही लेख. त्यातलं मुख्य शिल्प म्हणजे मिथ्रा बैलाला मारतोय आणि कधी कधी त्याच्याभोवती बारा राशी कोरलेल्या. त्या बारा राशींचे 'बारा शिष्य' झाले फॉरवर्डमध्ये! मिथ्रा मेला अशी गोष्टच कुठे नाही, मग उठणार कुठून.

आता मला जे खरंच महत्त्वाचं वाटतं ते सांगते. हे साम्य दाखवून देणारे पहिले लोक कोण होते माहितेय? ख्रिस्ती लोकच. जस्टिन नावाचा माणूस, पॅलेस्टाईनमधल्या आजच्या नाब्लुसचा, त्याने साधारण 155 च्या सुमारास रोममधून सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात तो स्वतःहून म्हणतो की आम्ही येशूबद्दल जे सांगतो, की तो शरीरसंबंधाशिवाय जन्मला, मेला, उठला, स्वर्गात गेला, ते तुम्ही तुमच्या झ्यूसच्या मुलांबद्दल सांगता त्यापेक्षा काही फार वेगळं नाही. पर्सियसचं नाव घेतो, रोग बरे करणाऱ्या ॲस्क्लेपियसचं घेतो. म्हणजे तो लपवत नव्हता, उलट साम्य पुढे करून म्हणत होता की मग फक्त आम्हालाच का मारता? आणि पुढे तो असंही लिहितो की मिथ्राच्या दीक्षेत भाकर आणि पाण्याचा पेला ठेवून मंत्र म्हणतात, ही दुष्ट आत्म्यांनी आमच्या प्रभुभोजनाची केलेली नक्कल आहे. दुष्ट आत्म्यांचं त्याचं कारण मला पटत नाही, पण त्याने जे पाहिलं त्यावर माझा विश्वास आहे. रोमन मिथ्रापंथाचे पुरावे पहिल्या शतकाच्या शेवटी शेवटी मिळायला लागतात, म्हणजे दोन्ही पंथ साधारण बरोबरीनेच वाढत होते, एकाच शहरात, बऱ्याचदा एकाच गल्लीत. रोमच्या सान क्लेमेंते चर्चमध्ये आजही जिन्याने खाली उतरता येतं, वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली मिथ्राचं तळघरातलं मंदिर, बैल मारणारा मिथ्रा कोरलेल्या वेदीसकट. अशा शेजारात कोण कुणाचं घेतं हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही, आणि एकत्र बसून भाकर मोडणं हे कुणा एकाच्या मालकीचं नाहीच.

मग मूळ कुठे आहे? मूळ ज्यू धर्मात आहे, आणि या फॉरवर्डमध्ये नेमका त्याचाच पत्ता नसतो, याचा मला खरंच राग येतो. येशू ज्यू, आई ज्यू, शिष्य ज्यू, नंतर हा धर्म दूरवर पसरवणारा प्रेषित पौलही ज्यू. मेलेले परत उठतील ही आशा ज्यू शास्त्रातल्या दानीएलच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे, येशूच्या दीडेकशे वर्षं आधीची. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची गोष्ट आहे, राजा एकेकाला हालहाल करून मारतो आणि ते म्हणतात की देव आम्हाला पुन्हा उठवेल. ही आशा छळातून आली, नीतिमान माणूस मेला तर देवाचा न्याय कुठे राहिला, या प्रश्नातून आली. पौल करिंथकरांना पहिलं पत्र लिहितो 54-55 च्या सुमारास आणि सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, "शास्त्राप्रमाणे". शास्त्र म्हणजे ज्यू शास्त्र. वीसेक वर्षांत, तेही यरुशलेमच्या ज्यू मंडळींमध्ये, इजिप्तच्या किंवा सीरियाच्या देवाची गोष्ट उचलून चिकटवली असेल हे मला पटत नाही, कारण त्या देवांबद्दल त्यांना काय वाटायचं हे आपल्याला माहितेय. यहेज्केलच्या आठव्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी बायका तम्मुज या बाबिलोनच्या देवासाठी रडत बसल्यात असं येतं, आणि संदेष्टा ते घोर पाप म्हणून सांगतो.

तम्मुज, अडोनिस, ॲटिस, ओसिरिस या सगळ्यांना 'मरून उठणारे देव' या एका खोक्यात घालायचं काम जेम्स फ्रेझर या ब्रिटिश अभ्यासकाने 1890 पासून केलं, पिकं वाळतात आणि परत उगवतात तसे हे देव. नंतरच्या अभ्यासकांनी ते खोकं बरंच मोडलं. ट्रिग्वे मेटिंगरसारखे काही जण म्हणतात की नाही, काही देव खरंच मरून उठायचे, पण तेही पुढे सांगतात की येशूची गोष्ट त्यावरून घेतल्याचा पुरावा नाही. साम्य कुठे तर सुमेरियन इनान्नाच्या गोष्टीत जरा अंगावर येतं, ती पाताळात जाते, तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं, तीन दिवस तीन रात्री उलटल्यावर तिची दासी मदत मागायला निघते आणि मग ती जिवंत होते. पण तिला बाहेर यायला बदली माणूस द्यावा लागतो, आणि ती कुणाला देते तर स्वतःच्या नवऱ्याला, कारण तो दुःख न करता मजेत सिंहासनावर बसलेला. जगाच्या तारणाची गोष्ट नाही ती.

उसनवारी खरी असली की कशी दिसते ते बघायचं तर नोहाची गोष्ट घ्या. 1872 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथने निनवेहून आलेली मातीची पाटी वाचली, तिच्यात महापूर, नाव, डोंगरावर अडकलेली नाव, आणि पाणी ओसरलं का बघायला सोडलेले पक्षी, कबुतर, पाकोळी, कावळा. नोहा कावळा आणि कबुतर सोडतो. जुनी पाटी हातात आहे, पक्ष्यांपर्यंत तपशील जुळतो, ज्यू लोक बाबिलोनात बंदिवासात राहिलेले. इथे कुणी "कॉपी" म्हटलं तर शब्द मला आवडणार नाही पण मुद्दा मी मान्य करेन. भाच्याला हीच कसोटी द्या, की होरस-मिथ्राच्या प्रत्येक वाक्यासाठी अशी जुनी पाटी दाखव.

आता जे खरंच घेतलं ते. पौल अथेन्समध्ये भाषण करतो, प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात, आणि म्हणतो, तुमच्याच कवींनी म्हटलंय की आपण त्याचे वंशज आहोत. ती ओळ अरातस कवीची, आणि मूळ कवितेत ती कुणाबद्दल आहे? झ्यूसबद्दल! अरातस किलिकियाचा, पौल पण किलिकियाचा, एक सोलीचा तर दुसरा तार्ससचा, आपण घरी आल्या-गेल्याला तुकोबाची ओळ ऐकवतो तसं त्याने ते ऐकवलंय. योहानाचं पुस्तक सुरू होतं "प्रारंभी शब्द होता" इथून, आणि तो 'शब्द' म्हणजे ग्रीक 'लोगोस', तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं वापरलेला, अलेक्झांड्रियाच्या फिलो नावाच्या ज्यू विचारवंताने योहानाच्या आधीच देवाशी जोडलेला. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सूर्य नेसलेली गरोदर बाई आणि तिच्या बाळाला गिळायला टपलेला अजगर आहे, तो भाग वाचताना त्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाला लेतो आणि पायथनची गोष्ट आठवलीच असणार, अपोलोची आई लेतो गरोदर असताना तिच्या मागे लागलेला तो साप, ज्याला पुढे अपोलोने मारलं. कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षरस होतो तेव्हा ग्रीक वाचकाला दारूचा देव डायोनायसस आठवला असेल असं मलाही वाटतं, कारण ग्रीक प्रवासी लेखक पौसानियस सांगतो की त्याच्या सणाला एलिस गावात पुजारी तीन रिकामी भांडी बंद खोलीत ठेवायचे आणि सकाळी ती दारूने भरलेली सापडायची.

आणि सगळ्यात मोठी उसनवारी तर तुम्ही रोज तोंडाने म्हणता, 'शुभवर्तमान'. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाच्या गावी ख्रिस्तपूर्व 9 सालचा एक शिलालेख सापडला, त्यात ऑगस्टस सम्राटाला तारणहार म्हटलंय आणि त्या देवाचा जन्मदिवस ही जगासाठी शुभवर्तमानाची सुरुवात असं लिहिलंय, शब्द तोच, 'इवांगेलिया'. ऑगस्टस स्वतःला 'देवाचा पुत्र' म्हणवायचा, नाण्यांवर छापायचा. आता त्याच साम्राज्यात काही गरीब लोक उठून म्हणतात की शुभवर्तमान हे आहे, देवाचा पुत्र हा आहे, गोठ्यात जन्मलेला, आणि तुमच्याच गव्हर्नरने क्रुसावर मारलेला. सम्राटाचा शब्द घेऊन तो सम्राटाने मारलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवला. हे जेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

कुमारी मातेचं राहिलं. झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपात दानाएकडे जातो आणि पर्सियस होतो, या गोष्टींत देव पुरुषासारखा वागतो. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत तसं काही नाही. मत्तय यशयाच्या सातव्या अध्यायाचा आधार देतो, मूळ हिब्रूत तिथे 'तरुणी' असा शब्द आहे, येशूच्या आधीच झालेल्या ग्रीक भाषांतरात त्याचा 'कुमारी' झाला आणि मत्तय ग्रीकच वाचत होता. हे ज्यू ग्रंथाच्या भाषांतरातलं वळण आहे. श्रद्धेला त्याने धक्का बसायला हवा असं मला वाटत नाही, पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून सांगितलं.

प्रश्न : ताई, बाकी सोडा, पण 25 डिसेंबर तरी रोमन लोकांचा सूर्याचा सण होता ना? चर्चने तो पळवला हे तर सगळीकडे लिहिलेलं असतं.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लिहिलेलं असतं खरं, पण गोष्ट इतकी सरळ नाही. आधी एक मजेशीर शब्द बघा, आपला 'नाताळ'. पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, तो लॅटिन 'नातालिस'वरून, म्हणजे जन्माचा. रोमची 354 सालची एक पंचांगवजा वही आहे, तिच्यात 25 डिसेंबरपुढे 'नातालिस इन्विक्ती' अशी नोंद आहे, अजिंक्याचा जन्म, म्हणजे अजिंक्य सूर्याचा, आणि त्यानिमित्त 30 रथशर्यती. त्याच वहीत दुसऱ्या यादीत, जी 336 च्या आसपासची धरतात, 25 डिसेंबरलाच ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला असंही आहे. म्हणजे दोघांचाही त्या तारखेचा सगळ्यात जुना पक्का पुरावा एकाच वहीतला! ऑरेलियन सम्राटाने 274 मध्ये सूर्याचं मोठं मंदिर बांधलं हे खरं, पण ते 25 डिसेंबरला उघडलं असं सर्रास ठोकून देतात त्याला त्या काळातला आधार नाही. सॅटर्नेलिया हा रोमन लोकांचा दुसरा मोठा सण 17 डिसेंबरला सुरू व्हायचा आणि 23 पर्यंत आटपायचा, त्याची तारीखच जुळत नाही.

दुसरं म्हणणं हिशोबाचं आहे. काही जुने ख्रिस्ती लेखक मानायचे की येशू क्रुसावर गेला ती तारीख 25 मार्च, आणि ज्या दिवशी मेला त्याच दिवशी तो आईच्या पोटी आला. ऑगस्टिन हे स्पष्ट लिहितो. 25 मार्चपासून नऊ महिने मोजा, 25 डिसेंबर. पूर्वेकडे हीच तारीख 6 एप्रिल धरायचे, नऊ महिने मोजा, 6 जानेवारी, आणि आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीलाच जन्म साजरा करतं. हा हिशोब मला जास्त पटतो, कारण दोन्ही तारखा एकाच किल्लीने उघडतात. साधारण 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट तर वेगळ्याच तारखा नोंदवतो, त्यातली एक 20 मेला येते. शुभवर्तमानात तारीख नाहीच, त्यामुळे सगळे अंदाजच होते.

पण सूर्याचा संबंध नव्हता असंही म्हणू नका. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्सखाली तिसऱ्या शतकातली एक कबर आहे, तिच्या छतावर मोझेकमध्ये रथात उभा, डोक्यामागे किरणं फाकलेला सूर्य आहे, आणि बहुतेक अभ्यासक तो ख्रिस्तच मानतात, कारण बाजूला बायबलमधल्या योनाची गोष्ट आणि मेंढपाळ आहे. आणि पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या प्रवचनात तळमळून सांगतो की अरे तुम्ही सेंट पीटर्सच्या पायऱ्या चढता आणि वर गेल्यावर मागे वळून उगवत्या सूर्याला मान झुकवता, हे बंद करा. मला हे वाचून त्या लोकांबद्दल माया वाटते, शंभर पिढ्यांची सवय एका बाप्तिस्म्याने मानेतून जात नाही.

प्रश्न : या उसनवारीबद्दल चर्च स्वतः काही बोललंय का कधी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बोललंय, लेखी. 601 मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलितस या धर्मप्रचारकाला पत्र पाठवलं की तिथली देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तीच वास्तू वापरा, लोक ओळखीच्या जागी आनंदाने येतील. 609 मध्ये रोमचं पँथिऑन हे जुनं देऊळ असंच मारियेचं चर्च झालं, म्हणून ते आज उभं तरी आहे. मूर्ती काढणं हे मात्र सगळीकडे असं शांतपणे झालं नाही, आणि गोव्यात तर मुळीच नाही, साष्टीची देवळं कशी पाडली हे मडगावच्या माणसाला मी सांगायला नको.

त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहिला, 1579 ला गोव्यात आलेला. त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राचोलला छापलं, रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' शब्द वापरला. आता कुणी म्हणेल का की स्टीफन्सचा येशू विष्णूवरून घेतलाय? गोष्ट यरुशलेमची, शब्द आपला. पौलाने अरातसची ओळ घेतली तेव्हा अथेन्समध्ये हेच झालं. पण वैकुंठ शब्द घेतला की त्याच्याबरोबर आपलं थोडंसं वैकुंठ पण आत येतंच, ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे जे उभं राहतं ते काही बेथलेहेमचं आकाश नसतं. 1616, 1649, 1654 अशा तीन वेळा छापलेल्या त्या पुराणाची एकही जुनी छापील प्रत आज शिल्लक नाही, जे आहे ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलं म्हणून. वसईच्या ताईंनी भाच्याला फॉरवर्डच्या जोडीला यातल्या चार ओव्या वाचायला द्याव्यात, मोठ्याने वाचायला सांगा, त्या कानाने जास्त कळतात.